जुन्या संगणकांना नवा धनी

जुन्या संगणकांचा संग्रह एका माणसाच्या हयातीत जमतो आणि बहुतेकदा त्याच हयातीत तो वाटूनही टाकावा लागतो. १९७५ ते १९९० या काळातल्या घरगुती संगणकांनी आता पस्तिशी ते पन्नाशी गाठली आहे. ज्यांनी ते तरुणपणी हाताळले, ती पिढी निवृत्त झाली आहे किंवा होऊ घातली आहे. मोठ्या घरातून लहान घरात जावे लागते, गुडघे माळ्यावर चढू देत नाहीत, मुलांना या यंत्रांची ओढ नसते. मग संग्रहाचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. त्याला तीन उत्तरे आहेत: विकणे, संग्रहालयाला देणे किंवा त्याच छंदातल्या इतरांना देऊन टाकणे. यंत्र नुसते टिकावे असे नव्हे, तर चालते राहावे अशी इच्छा असेल, तर तिसरे उत्तर सर्वांत खात्रीचे आहे.

देण्याघेण्याची ही रीत घरगुती संगणकाच्या जन्मापासूनची आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. तिथे जमणारी माणसे सर्किटचे आराखडे, सुटे भाग आणि प्रोग्राम एकमेकांना सहज देत. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी पुढे ‘अ‍ॅपल-१’ या नावाने विकल्या गेलेल्या संगणकाचे आराखडे आधी याच क्लबात फुकट वाटले होते. १९९७ पासून कॅलिफोर्नियात व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल भरू लागला आणि जुन्या यंत्रांच्या हौशी मंडळींना भेटीचे ठिकाण मिळाले.

संग्रहालयांचे काम मोठे आहे, पण त्यांची जागा मोजकी असते. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथे कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आहे, इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग आहे आणि केंब्रिजमध्ये सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरी आहे. अशा संस्थांना एखाद्या यंत्राचे एक-दोन उत्तम नमुने पुरतात. लाखांनी विकल्या गेलेल्या मॉडेलचा आणखी एक नग त्यांना नको असतो. शिवाय एकाच छपराखाली सगळे ठेवण्यातला धोका सिएटलमध्ये दिसला. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी उभे केलेले लिव्हिंग कॉम्प्युटर्स म्युझियम २०१२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथे जुन्या यंत्रांसमोर बसून ती प्रत्यक्ष वापरता येत. अ‍ॅलन २०१८ मध्ये वारले, २०२० च्या साथीत संग्रहालय बंद झाले आणि ते पुन्हा उघडणार नाही, हे २०२४ मध्ये जाहीर झाले. संग्रहातल्या कितीतरी वस्तू ख्रिस्टीज या लिलावगृहात गेल्या. हीच यंत्रे पन्नास घरांत असती, तर एक दार बंद झाल्याने सगळी एकदम हलली नसती.

यंत्र देणे म्हणजे खोके उचलून दुसऱ्याच्या हाती ठेवणे नव्हे. त्याआधी किती काम असते, हे बीबीसी मायक्रो या एकाच संगणकावरून नीट कळते. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणला. त्यात दोन मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर असून ‘बी’ मॉडेलला ३२ किलोबाइट मेमरी आहे. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्याचे प्रमुख रचनाकार. पुढे आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेल्या एआरएम प्रोसेसरची रचनाही याच दोघांनी केली आणि त्या प्रोसेसरच्या आज्ञासंचाची पहिली चाचणी विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर घेतली. दणकट बांधणी आणि खऱ्या टंकलेखन यंत्रासारखा कळफलक यांमुळे हा संगणक शाळकरी मुलांच्या हाताळणीलाही पुरून उरला.

या दणकट यंत्रातली नाजूक जागा त्याच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात आहे. झाकणाचे स्क्रू काढून डबा उघडला की बोटाच्या पेराएवढा, पिवळसर पारदर्शक रेझिनमध्ये बसवलेला एक चौकोनी कपॅसिटर दिसतो. त्याच्या जोडीला तसाच एक लहानही असतो. संगणकातली विजेची खरखर घरच्या तारांत परत जाऊन शेजारच्या रेडिओला त्रास देऊ नये, एवढेच त्यांचे काम. त्यांच्या आत धातूचा मुलामा दिलेल्या कागदाची घडी असते. भिंगाखाली धरल्यास रेझिनवर सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला पडाव्यात तशा बारीक भेगा दिसतात. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने त्या पडतात. भेगांतून हवेतली ओल शिरते, कागद ती शोषून घेतो आणि कपॅसिटर आतून गळका होतो. यंत्र दहा-वीस वर्षे माळ्यावर पडून राहिले, तर ही ओल भरपूर साठते.

मग कोणीतरी कौतुकाने यंत्र खाली आणतो, धूळ झटकतो आणि बटण दाबतो. संगणक ओळखीचा आवाज काढतो: आधी एक लांब खर्जातला सूर, मग एक छोटा उंच सूर. पडद्यावर यंत्राचे नाव उमटते. काही मिनिटांनी फट् असा आवाज होतो आणि झाकणाच्या फटींतून दाट, उग्र वासाचा धूर येऊ लागतो. खोलीतला वास दिवसभर जात नाही. घाबरलेला माणूस यंत्र मेले असे धरून चालतो आणि पुष्कळदा ते भंगारात जाते. खरे तर धूर निघत असतानाही संगणक बहुधा चालूच असतो, कारण या कपॅसिटरवर त्याचे चालणे अवलंबून नाही. दोन नवे, प्लॅस्टिक फिल्मचे, त्याच सुरक्षा-वर्गाचे कपॅसिटर सोल्डर केले की दुरुस्ती संपते. सुट्या भागांची किंमत किरकोळ असते. चाळीस वर्षांच्या यंत्राचे जगणे-मरणे या दोन चिमुकल्या तुकड्यांबद्दलच्या माहितीवर ठरते, म्हणून ही माहिती यंत्राबरोबर गेली पाहिजे.

प्रत्येक यंत्राची अशी एक दुखरी जागा असते आणि ती देणाऱ्याला ठाऊक असते. १९८२ च्या कमोडोर ६४ चा वीजपुरवठा रेझिनने भरलेल्या विटेसारख्या डब्यात असतो. त्यातला पाच व्होल्टचा भाग बिघडला की व्होल्टेज चढते आणि मेमरीच्या चिप जळतात. म्हणून मूळ वीट जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून पाहायचा, हा नियम आहे. अमिगा २००० आणि अमिगा ५०० प्लस यांच्या बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळते. तिच्यातला अल्कलीयुक्त द्रव तांब्याचे ट्रॅक हिरवेनिळे करून खात जातो. बॅटरी कापून काढायची, जागा व्हिनेगरने पुसायची आणि मग अल्कोहोलने स्वच्छ करायची, हा त्यावरचा रूढ उपाय. मॅकिंटॉश एसई/३० मधली छोटी लिथियम बॅटरी फुटली तर आख्खा बोर्ड खराब करते. सीगेटच्या एसटी-२२५ या २० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कचे हेड वीज गेल्यावर आपोआप सुरक्षित जागी जात नाहीत. हलवण्यापूर्वी ‘पार्क’चा प्रोग्राम चालवला नाही, तर वाटेतल्या धक्क्यांनी तबकडीवर ओरखडे पडतात.

तयारी झाल्यावर पात्र माणूस शोधावा लागतो. दान सत्पात्री असावे, हे इथे अगदी शब्दशः लागू पडते. दुरुस्ती येणाऱ्याला बंद पडलेले यंत्र द्यावे आणि शिकणाऱ्याला चालू यंत्र द्यावे. त्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याची डिस्क ड्राइव्ह आणि पुस्तकेही द्यावीत. संग्रह फोडताना एका यंत्राचा संच मात्र फोडू नये. मॉनिटर एकाकडे, केबल दुसऱ्याकडे आणि मॅन्युअल रद्दीत अशी वाटणी झाली, तर तिघांकडेही काहीच धड राहत नाही. आयबीएमच्या जुन्या टर्मिनलांचे असेच झाले आहे. त्यांच्या कळफलकांना वेगळी मागणी असल्याने पुष्कळदा कळफलक तेवढे उचलले जातात आणि उरलेले टर्मिनल निरुपयोगी होऊन पडते. सोन्याच्या मुलाम्यासाठी जुन्या चिप गोळा करणारेही ‘मलाही या छंदाची आवड आहे’ असे सांगत येतात. त्यामुळे घेणाऱ्याला दोन साधे प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये: हे यंत्र पूर्वी कधी वापरले आहे का, आणि याचे पुढे काय करणार?

अडचणींची यादी इथे संपत नाही. पहिली अडचण वाहतुकीची. काचेची पिक्चर ट्यूब असलेला मॉनिटर जड असतो आणि त्याचा भार पुढच्या काचेकडे असतो. ट्यूबची मागची मान इतकी नाजूक असते की एका आपटीत ती तुटते आणि मग तिला दुरुस्ती नाही. मूळ खोक्यातला फोम हात लावताच भुगा होतो. म्हणून अनुभवी लोक खोक्यात खोके घालतात आणि जमेल तिथे यंत्र स्वतः नेऊन देतात. टपालाने पाठवण्यापेक्षा घेणाऱ्याने येऊन न्यावे, असा आग्रह बहुतेक देणारे धरतात तो यासाठीच.

दुसरी अडचण माहितीची. बीबीसी मायक्रोसारख्या यंत्रांत जादा प्रोग्राम ईप्रॉम चिपमध्ये भरून बसवत. या चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असते आणि तिच्यावर चिकटवलेला कागद निघाला, तर अतिनील प्रकाशाने मजकूर हळूहळू पुसला जातो. कागद शाबूत असला, तरी साठवलेला विद्युतभार दशकांनंतर गळत जातो. फ्लॉपींना दमट हवेत बुरशी लागते. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेल्या फ्लॉपीवर पांढरे ठिपके दिसले, तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण तिच्याबरोबर ड्राइव्हचे हेडही खराब होते. यंत्र देण्यापूर्वी चिप आणि फ्लॉपी यांच्या प्रती काढून ठेवणे म्हणूनच निकडीचे असते. त्याच वेळी हार्ड डिस्कवर राहिलेली खासगी पत्रे आणि हिशेब पुसायला हवेत. मात्र दुसरीकडे कुठेच नसलेला प्रोग्राम त्या भरात जाऊ नये, याचीही काळजी घ्यावी लागते.

तिसरी अडचण गाठभेटीची, आणि ती भारतात अधिक टोचते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पात भारतातल्या निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो बसवले गेले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची परवान्याने केलेली आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने विकली. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी कॅसेट प्लेअर जोडून पहिला प्रोग्राम अशाच यंत्रावर लिहिला. पण आपल्याकडे जुनी वस्तू दारावर येणाऱ्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढते आणि यंत्राचे मोल किलोत होते. परदेशातल्या हौशी मंडळींना एकमेकांचे पत्ते ठाऊक असतात, इथे देऊ इच्छिणारा आणि घेऊ इच्छिणारा यांची गाठच पडत नाही.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर असे एखादे यंत्र आहे, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. ते थेट विजेला जोडू नये. त्याच्याबरोबरच्या केबल, कॅसेट, फ्लॉपी आणि कागद एकाच पेटीत ठेवावेत. आणि ते कोणी, कुठे, कशासाठी वापरले, हे चार ओळींत लिहून ती चिठ्ठी पेटीत टाकावी. नव्या धन्याला कपॅसिटर कुठेही मिळेल, पण या चार ओळी मात्र जुन्या धन्याशिवाय कोणाकडेच मिळणार नाहीत.