भाड्याचे घर, तुटलेला कठडा आणि मोडलेले हाड

जिन्यावरून पडून हाड मोडलेला रुग्ण दवाखान्यात आला, की सोबतचे लोक हमखास म्हणतात, "नशीबच फिरले, डॉक्टरसाहेब!" चौकशी केली तर कळते, की कठडा कित्येक महिन्यांपासून तुटलेला होता आणि जिन्यातला दिवा लागतच नव्हता. मग यात नशिबाचा दोष कसा?

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथे नोकरदार कुटुंबे आणि धडगाव-अक्कलकुव्याकडून शिकायला आलेली मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात. घर आपले नाही म्हणून भाडेकरू दुरुस्ती करीत नाही. आपण तेथे राहत नाही म्हणून घरमालक लक्ष देत नाही. अपघात होतो तो या दोघांच्या चालढकलीमुळे.

धोके कोणते?

गच्चीचा ठेंगणा कठडा लहान मुलांना घातक. पावसाळ्यात स्लॅब गळतो, आतली सळई गंजून फुगते आणि प्लॅस्टरचे पोपडे डोक्यावर पडतात. ओल्या भिंतीतील जुन्या वायरिंगमुळे शॉक बसतो. अर्थिंग नीट असावे आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवलेला असावा; गळतीचा प्रवाह वाढताच तो वीज तोडतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर तर छुपा वैरी! त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही लक्षणे दिसताच गिझर बंद करून मोकळ्या हवेत यावे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटीस दिल्यावर वाजवी मुदतीत (किमान १५ दिवस) त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक नसावी. लिव्ह अँड लायसन्स करार करताना दुरुस्ती कोणाकडे, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

भिंत पावसाने पडली, ही देवाची करणी, असे म्हणून मालक सुटतो काय? नाही. एकदा पावसात भिंत कोसळून दोन मुले दगावली होती. पावसाळ्यात पाऊस येणारच, असे सांगून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले. दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर कोसळल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली सांगितले, की दोष वरून दिसत नव्हता ही सबब चालणार नाही. वास्तूची तपासणी व निगा राखणे मालकाचे कर्तव्य आहे. अर्थात भाडेकरूने स्वतःच वायरिंगशी खेळ केला, तर दोष त्याच्याकडेही जातो.

वाचकांनी काय करावे?

१. धोका दिसताच फोटो काढून घरमालकाला लेखी कळवावे आणि पोच जपून ठेवावी. इमारतच धोकादायक वाटत असेल तर नगरपालिकेला अर्ज द्यावा.

२. शॉक बसलेल्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. उंचावरून पडलेल्याची मान वाकवू नये, त्याला ओढू नये. १०८ वर फोन करावा. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, झापड किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

३. डॉक्टरांना खरे कारण सांगावे. "घरातच पडलो" एवढेच सांगू नये. कोठे, केव्हा, कशामुळे हे केसपेपरवर नोंदवून घ्यावे. पुढे भरपाई मागताना हाच कागद उपयोगी पडतो.

४. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. आपल्या आदिवासीबहुल जिल्ह्यात हे प्रत्येक घरी माहीत असायला हवे.

घरमालक बंधूंनाही विनंती, की पावसाळ्यापूर्वी एकदा जिना, गच्ची आणि मीटरपेटी स्वतः पाहून यावी. कठड्याची दुरुस्ती एका दिवसाचे काम आहे; म्हाताऱ्या माणसाचे मोडलेले खुब्याचे हाड मात्र त्याला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते.