बेल वाजली, दारात कोण?

गेल्या आषाढातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. एकाएकी सर आली म्हणून मी मागच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे भराभरा काढत होते. तेवढ्यात बेल वाजली. "आले, आले" म्हणत सासूबाई पलंगावरून उठल्या आणि ओल्या पायपुसण्यावरून घसरल्या. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर! आणि दारात होतं कोण? भांडी घासायची पावडर विकणारा एक पोरगा.

"एवढी घाई कशाला केलीत?" मी विचारलं. त्यावर त्यांचं उत्तर, "अगं, बेल वाजल्यावर बसून कसं राहायचं? माणूस ताटकळत ठेवायचा का दारात?"

सासूबाईंचं वय ७८. गुडघे दुखतात. आमच्या दाराला भिंग आहे, साखळी आहे, बाहेर जाळीचं दारही आहे. पण भिंगाला डोळा लावायला दारापर्यंत चालत जावं लागतंच ना!

दिवाळीत नणंदबाई न्यू जर्सीहून आल्या, त्या आईसाठी कॅमेऱ्याची बेलच घेऊन. बटण दाबलं की दारातल्या माणसाचं चित्र फोनवर. वायरमनला बोलावलं. त्याने जुनी बेल काढली, वायर सोलली आणि नव्या बेलची पाठ वाचून थबकला. "वहिनी, ही १६ ते २४ व्होल्टची आहे. इथे जोडली तर क्षणात जळेल." अमेरिकेत घराच्या बेलसाठी विजेचा दाब उतरवणारा एक छोटा ट्रान्सफॉर्मर आधीच बसवलेला असतो. आपल्याकडे साध्या बेलला बहुधा थेट २३० व्होल्ट येतात. परदेशातून कुणी प्रेमाने अशी बेल आणली, तर आधी पाठीमागचे आकडे वाचून घ्या. योग्य ट्रान्सफॉर्मर बसवून ती चालवता येते, पण ते काम जाणत्या वायरमनचंच. घरातल्या हौशी माणसाचं नव्हे. (आमच्या घरी असा एक हौशी माणूस आहे. नाव सांगत नाही.)

शेवटी इथेच बॅटरीवर चालणारी बेल घेतली. जमिनीपासून साधारण चार फुटांवर लावली, म्हणजे चेहरा नीट दिसतो. दुपारी जिन्यातून उजेड मागून येतो आणि माणूस काळाकुट्ट दिसतो, म्हणून ती जरा तिरकी बसवावी लागली.

पण खरी गंमत पुढेच आहे. बेलचा आवाज घरात सगळ्यांना ऐकू यायचा, चेहरा मात्र फोनवर. माझा फोन आत चार्जिंगला, सासूबाईंचा साधा बटणांचा, आणि ह्यांचा ऑफिसात त्यांच्या खिशात! मी कणीक मळते आहे, आणि ऑफिसातून ह्यांचा फोन, "अगं, दारात गॅसवाला उभा आहे!" सात किलोमीटरवरच्या माणसाला दिसतंय, आणि दहा पावलांवर असलेल्या मला नाही. दार उघडायचं की नाही हे जिला ठरवायचं, तिच्यासमोर चित्र नको का यायला?

त्यासाठी स्मार्ट डिस्प्ले हवा. म्हणजे फोटोच्या फ्रेमएवढा, बोलणारा, ऐकणारा पडदा. भाच्याने आम्हाला ॲलेक्साचा पडदा दिला होता. त्यावर आजवर भजनं आणि कुकरच्या शिट्यांचा टायमर एवढंच चालायचं. तो उचलून सासूबाईंच्या पलंगाशी ठेवला.

जोडणीला एक अख्खा रविवार गेला. तुमचा जाऊ नये म्हणून सांगते. बेल भिंतीवर ठोकण्याआधी तिच्या पाठीवरच्या चौकोनी कोडचा फोटो काढून ठेवा. आम्ही काढला नाही आणि चार स्क्रू पुन्हा सोडले. पहिल्यांदा बेल तिच्या स्वतःच्या ॲपमध्ये नोंदवायची. इथे आमचं घोडं दोन तास अडलं. वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचे. बऱ्याचशा बेलना पहिलाच कळतो, आणि आमचा फोन दुसऱ्यावर होता! बदलल्याबरोबर काम झालं. मग ॲलेक्साच्या ॲपमध्ये 'स्किल्स' म्हणून जागा आहे, तिथे बेलच्या कंपनीचं स्किल शोधून चालू करायचं आणि बेलसाठी जो ईमेल व पासवर्ड दिला तोच द्यायचा. ह्यांनी बेल आपल्या ईमेलवर घेतली होती आणि इथे आम्ही माझा देत बसलो होतो, पडदा म्हणतो, "उपकरण सापडलं नाही." सापडणार कसं? एवढं झालं की ॲपला नवी उपकरणं शोधायला सांगायचं. शेवटी बेलच्या पानावर जाऊन बटण दाबल्याची घोषणा चालू करायची. हे शेवटचं हमखास राहून जातं, आणि मग बाया म्हणतात, पडदाच बिघडलाय.

बेलला नाव सुटसुटीत द्या. आम्ही 'फ्रंट डोअर' दिलं. आमच्या पडद्याशी इंग्रजीत नाहीतर हिंदीत बोलावं लागतं.

सगळ्या बेलचं सगळ्या पडद्यांशी सारखं जमत नाही. रिंग कंपनी २०१८ साली ॲमेझॉनने विकत घेतली, तेव्हा तिच्या बेलचं ॲमेझॉनच्या इको शोशी छान जुळतं. गूगलच्या नेस्ट बेलचं गूगलच्याच नेस्ट हबशी. इतर बेलचं मात्र तपासून घ्यावं. काहींचं चित्र आपणहून झळकतं. काहींची नुसती सूचना येते आणि "शो फ्रंट डोअर" म्हणावं लागतं. काहींत चित्र दिसतं पण पडद्यावरून बोलता येत नाही. दुकानदाराला दुकानातच करून दाखवायला सांगा. मागचं चित्रण साठवायला दरमहा पैसे पडतात का, तेही तिथेच विचारा.

आणि राउटर इन्व्हर्टरवर हवा. वीज गेली की वायफाय जातं, मग बेलची बॅटरी कितीही भरलेली असो, पडदा आंधळाच.

ही कल्पना काही आजची नव्हे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक नर्स राहायची. तिच्या कामाच्या वेळा अवेळी, नवऱ्याच्याही. बऱ्याचदा घरात एकटी असायची आणि पोलीस यायला उशीर लागायचा. नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्समधला. दोघांनी १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला, ते २ डिसेंबर १९६९ रोजी मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, बोलायची सोय, आणि आतूनच दार उघडायचं बटण! एकट्या बाईला पलंगावरून न उठता दारातलं माणूस दिसावं, हीच तिची गरज होती. माझ्या सासूबाईंची दुसरी काय आहे?

आता एक खुपलेली गोष्ट. पहिल्या आठवड्यात मी भाजीला निघाले की ह्यांचा फोन यायचा, "कुठे चाललीस?" दोनदा हसून सांगितलं. तिसऱ्यांदा नाही हसले. दारासमोर काही हललं तरी त्यांच्या फोनवर सूचना जायची. त्यांना काळजी वाटत असेल, कबूल. पण बावीस वर्षं संसार केलेल्या बाईने कोथिंबिरीच्या जुडीचा हिशेब का द्यावा? त्या रात्री आम्ही दोघांनी बसून हालचालीच्या सूचना बंद केल्या. आता फक्त बटण दाबलं तरच कळतं. कॅमेऱ्याच्या टापूतून समोरच्या वहिनींचं दारही वगळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं, पण त्या अलीकडे दारातली रांगोळी घाईघाईने उरकायच्या, ते माझ्या लक्षात आलं होतं.

पडद्यालाही डोळा असतो, हे विसरू नका. सासूबाईंच्या खोलीतल्या पडद्याची झडप आम्ही कायम लावलेली ठेवतो. २०२३ साली अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने रिंग कंपनीवर ठपका ठेवला, की २०१७ मध्ये तिच्या एका कर्मचाऱ्याने कितीतरी बायकांच्या घरांतल्या कॅमेऱ्यांची हजारो चित्रणं पाहिली. कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पासवर्ड वेगळा ठेवा आणि फोनवर कोड येणारी दुहेरी तपासणी चालू करा.

परवा मी पोळ्या करत असताना बेल वाजली. सासूबाई पलंगावरच. पडद्यावर एक अनोळखी माणूस, "पाण्याचा मीटर बघायचाय." सासूबाईंनी चष्मा लावला, बोलायच्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "असं करा, सेक्रेटरींची चिठ्ठी घेऊन या, मग दार उघडू." माणूस निमूट गेला. दहा मिनिटांनी खरोखरच चिठ्ठी घेऊन परत आला, सही-शिक्क्यासकट. बिचारा तीन जिने चढून घामाघूम झाला होता. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं, वर चहाही करायला लावला.