नोटीस आली, पुढे काय?

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतल्या नारपोलीच्या पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली. १९८४ ची ती तीन मजली इमारत. चाळीसच्या आसपास माणसे गेली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

नोटीस देऊन धोकादायक घर रिकामे करवण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना आहे. पण राहायचे कुठे? मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आणि संक्रमण शिबिरे आहेत. त्या मंडळाची हद्द भिवंडीपर्यंत पोचत नाही. मग बाहेर पडलो तर खोलीवरचा हक्क जाईल, या भीतीने भाडेकरू अडून बसतो आणि पालिकेशी संघर्ष पेटतो. ही भीती रास्त आहे. दोष एकट्या रहिवाशाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

म्हणून नोटीस आली, तर हक्काचा पुरावा राहावा यासाठी घर सोडण्यापूर्वी आपल्या खोलीच्या क्षेत्रफळाची नोंद पालिकेकडून लेखी मागून घ्या.