बाळंतविड्याच्या आधीची ओल

डोहाळजेवण आटोपलं की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: बाळासाठी काय काय आणून ठेवायचं? शिरूर-दौंडकडच्या आजीचं उत्तर ठरलेलं असतं. जुन्या सुती लुगड्याची उकळून कडक उन्हात वाळवलेली दुपटी, तशाच कापडाचे लंगोट, चार झबली, टोपडी, एखादी कुंची; नवं कापड मात्र बाळ सुखरूप हाती आल्यावरच. सुनेच्या मोबाइलवर दुसरी यादी उघडलेली असते. तीत बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र असतं, पावडरी आणि लोशनं असतात, बुद्धी वाढवण्याचा दावा करणारी खेळणी असतात. शास्त्राच्या बाजूनं या दोन याद्या ताडून पाहिल्या तर आजीची यादी सरस ठरते. नवजात बाळाच्या अंगातली ऊब झपाट्यानं निघून जाते, आणि शरीराच्या मानानं डोकं मोठं असल्यामुळे बरीचशी तिथूनच जाते, म्हणून टोपडं हवंच. शंभरदा धुतलेलं सुती कापड ओल चटकन टिपतं आणि कोवळ्या कातडीला खुपत नाही. आजीच्या यादीतून काजळ आणि बाळगुटी एवढी मात्र वगळायची, कारण काजळात शिसं असू शकतं आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काहीच लागत नाही, पाणीसुद्धा नाही. तरीही दोन्ही याद्यांत एक मोठी उणीव आहे. त्या सातव्या महिन्यात सुरू होतात, आणि तोवर बाळाच्या गरजेच्या कित्येक गोष्टींची वेळ टळून गेलेली असते.

हे ठामपणे म्हणता येतं ते पुणे जिल्ह्याच्याच खेड्यांमुळे. शिरूर तालुक्यातल्या वढूला डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयामार्फत ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या कोयाजींनी गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं. त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. योगायोग असा, की त्याच वर्षी केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्याचं वेगळेपण म्हणजे बायकांची नोंद दिवस जाण्याच्या आधीच झाली होती. सरासरी बाई ४२ किलोच्या आसपास वजनाची, आणि तिचं बाळ सुमारे २.७ किलोचं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं भरत होती साडेतीन किलो. नुसता वजनातला फरक नवा नव्हता. नवं होतं ते असं, की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी घटलेली नव्हती. दिसायला हडकुळं आणि आतून मेदाचं, अशी ही बाळं पुढे मधुमेहाच्या वाटेला लवकर का लागतात, याचा पहिला धागा तिथे हाती आला.

मग या आया खात काय होत्या? याज्ञिकांचं नाव जगभर झालं आणि ते रास्तच आहे, पण आहाराचं हे किचकट काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव यांनी पुढे नेलं, हे कमी जणांना ठाऊक आहे. ताटातल्या भाकरीचा, आमटीचा, कालवणाचा हिशेब लावायचा म्हणजे सोपं काम नव्हे. २००१ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष अनपेक्षित होता. आईनं एकूण किती उष्मांक किंवा प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागेना. संबंध लागला तो दूध, पालेभाज्या आणि फळं यांच्याशी. म्हणजे एक भाकरी वाढवण्यापेक्षा मेथी, चाकवत, शेपू, हरभऱ्याचा पाला ताटात किती वेळा येतो, हे अधिक महत्त्वाचं. पुढे राव यांच्याच अभ्यासात असंही दिसलं, की शेतात आणि घरात जास्त राबणाऱ्या आयांची बाळं लहान होती.

यावर रास्त आक्षेप येतो. भाजी-दूध परवडणारं घर इतरही बाबतींत सुस्थितीत असणार, मग श्रेय पालेभाजीचं कशावरून? याची परीक्षा मुंबईच्या वस्त्यांत झाली. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी काही बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला, इतरांना साध्या भाज्यांचा. २०१४ मध्ये निकाल आला आणि सरसकट पाहता बाळांच्या वजनात ठोस फरक आढळला नाही. मात्र दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्या खात होत्या, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं भारी होती. अगदी कृश बायकांमध्ये तेवढाही लाभ दिसला नाही. हा निकाल मला निराशाजनक वाटत नाही. शिरूर-दौंडच्या जिरायत शेतकऱ्याला त्याचा अर्थ पटकन कळेल. रब्बीची मालदांडी ज्वारी पेरल्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. भादव्यातल्या पावसाची जी ओल काळ्या जमिनीत मुरली, तिच्यावर ती पोटरीला येते आणि कणीस भरते. जमीन खोल असेल तर ओल टिकते; हलक्या, उथळ जमिनीत ऐनवेळचा एखादा शिडकावा पुरत नाही. आईच्या शरीरातला लोहाचा आणि फोलेट, ब-१२ या जीवनसत्त्वांचा साठा म्हणजे ही मुरलेली ओल.

फोलेटची गोष्ट तर महाराष्ट्रातच सुरू झाली. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गर्भवती बायका एका विचित्र पंडुरोगानं दगावत होत्या. विल्सबाईंनी त्यांच्या घरची चूल, आहार, राहणी सारं तपासलं, परळच्या हाफकिन संस्थेत प्राण्यांवर प्रयोग केले, आणि शेवटी औषध सापडलं ते मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्कात. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे उलगडायला आणखी दशकभर लागलं. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी नीट मिटायला हेच फोलेट लागतं, आणि ती मिटते गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आशाताईच्या वहीत नाव चढतं, तोवर ती घटका निघून गेलेली असते.

मग फोलेटची, म्हणजे फोलिक आम्लाची गोळी घेतली की काम झालं? पुण्याच्या खेड्यांचं उत्तर आहे, अर्धंच. तिथल्या दोन-तृतीयांश आयांमध्ये ब-१२ कमी होतं, फोलेट मात्र पुरेसं. ज्या आयांत फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. ब-१२ वनस्पतींत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. २०१२ पासून खेड्यांच्या याच अभ्यासातल्या काही मुलामुलींना, ती किशोरवयात असतानाच, रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२ दिलं गेलं, आणि त्यांतल्या मुलींच्या पोटी आलेल्या बाळांच्या विकासाच्या चाचण्यांत दोन वर्षांच्या सुमारास काही बाबतींत चांगला फरक दिसला.

हे सगळं सांगताना आणखी एक ओझं आईच्याच डोक्यावर टाकलं जातंय का, असं विचारलं जाईल. विचारायलाच हवं. दावणीला दोन गाई असताना सकाळ-संध्याकाळचं दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं उरतं, हा निर्णय एकट्या सुनेचा नसतो. पाण्याचा हंडा कोणी आणायचा, कांद्याच्या काढणीला कोणी वाकायचं, हेही ती एकटी ठरवत नाही. म्हणून यादी करायचीच तर ती लग्नानंतर, मूल हवं असं ठरताच, नवरा आणि सासूसह बसून करावी. डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि ब-१२ तपासून घ्यावं, चारशे मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची रोजची गोळी किमान महिनाभर आधी चालू करावी, आणि डेअरीच्या किटलीतून रोज अर्धा लिटर दूध तिच्यासाठी बाजूला काढावं.