पावसाळा आणि मोटारगाडी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं कौलें चाळणें, लांकूडफांटा कोरड्या जागीं रचणें, पापड-लोणचीं बरण्यांत भरून ठेवणें, ही आगोटीची तयारी कोकणांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. शहरांतील बहुतेक घरांवर आतां कौलें उरलीं नाहींत आणि लांकूडफांट्याची जागा गॅसनें घेतली आहे. परंतु अनेक घरांच्या दाराशीं एक नवी वस्तु येऊन उभी राहिली आहे, ती म्हणजे मोटारगाडी. घरांतील छत्र्या दुरुस्त होतात, मुलांचे रेनकोट पेटींतून बाहेर निघतात. मोटार मात्र आहे तशीच पहिल्या पावसास सामोरी जाते.

मोटार पावसांत चालण्यासाठींच बांधलेली असते, मग तिला पाण्याचें भय कसलें, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. वरून पडून वाहून जाणाऱ्या पाण्यापासून मोटारीस फारसा उपद्रव होत नाहीं. उपद्रव होतो तो सांचलेल्या पाण्यापासून. आणि तें दोन ठिकाणीं सांचतें, गाडीच्या अंगांत व रस्त्यावर. पहिलें गाडीचें आयुष्य खातें, दुसरें प्रसंगीं माणसाचे प्राण घेतें. म्हणून साऱ्या खबरदारीचें सार दोन वाक्यांत सांगतां येईल: पाण्याला वाट द्यावी, आणि पाण्यांत वाट शोधूं नये.

प्रथम गाडीच्या अंगांतील पाणी. लोखंड गंजण्यास पाणी व हवेंतील प्राणवायु हीं दोन्ही लागतात, आणि त्यांना मिठाची साथ मिळाली कीं गंज अधिक झपाट्यानें चढतो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी अशा समुद्रकांठच्या गांवीं गाड्या लवकर गंजतात, त्याचें कारण ही खारी हवाच होय. गाडीवरील रंग केवळ शोभेसाठीं नसतो, तें पोलादाचें चिलखत आहे. त्यावर खोल ओरखडा पडून पत्रा उघडा झाला असेल, तर तो पावसाळ्यापूर्वींच रंगानें बुजवून घ्यावा. चाकांवरील कमानींत व गाडीच्या पोटाशीं चिकटलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि त्याच्या आड गंज मुकाट्यानें आपलें काम करीत राहतो. म्हणून गाडी धुतांना वरच्या अंगापेक्षां खालच्या अंगाकडे अधिक लक्ष द्यावें. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेस बारीक भोंकें असतात. काचेच्या फटींतून दारांत उतरलेलें पाणी त्यांतून बाहेर पडतें. तीं मातीनें बुजलीं कीं पाणी आंतच राहतें आणि पत्रा आंतून कुजूं लागतो. समोरील काचेच्या पायथ्याशीं असलेल्या जाळीचीही तीच गोष्ट. गाडी गुलमोहराखालीं उभी राहत असेल, तर पाकळ्या व पानें तेथें सांचून पाण्याची वाट अडवितात. ही जाळी आठवड्यांतून एकदां हातानें साफ करण्यास दोन मिनिटें पुरतात.

ओल्या गाडीवर घट्ट प्लॅस्टिकचें आच्छादन घालणें हा अनेकांस उत्तम उपाय वाटतो. वस्तुतः त्यामुळें आंतली वाफ कोंडून राहते. आच्छादन घालावयाचेंच, तर गाडी कोरडी झाल्यावर आणि हवा खेळती राहील असें घालावें. गाडींत कुबट वास येऊं लागणें हा खालच्या गालिच्यांत ओल मुरल्याचा पहिला निरोप असतो. त्यावर अत्तराची बाटली टांगणें म्हणजे दुखणें झांकणें होय.

आतां रस्त्यावरील पाणी. ओल्या रस्त्यावर गाडी धरून ठेवण्याचें काम टायरवरील खांचा करतात. चाक व रस्ता यांमधील पाणी त्या बाजूला लोटतात. खांचा झिजल्या कीं वेगानें जाणारें चाक पाण्याच्या थरावर उचललें जातें आणि मग सुकाणूचक्र फिरवूनही गाडी वळत नाहीं. खांचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली कीं टायर कायद्यानेंही बाद ठरतो; त्या मापाची खूण म्हणून खांचांच्या तळाशीं आडवे रबरी उंचवटे केलेले असतात. पहिल्या सरीच्या वेळीं रस्त्यावरील तेल व धूळ पाण्यांत कालवून निसरडा लेप तयार होतो, तेव्हां वेग नेहमींपेक्षां कमी ठेवावा. वायपरचें रबर उन्हानें कडक झालें असल्यास जूनपूर्वींच बदलावें. पाण्यांतून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच तीन-चार वेळां दाबावा, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें तो सुकतो.

परंतु खरी परीक्षा होते ती रस्ता दिसेनासा झाल्यावर. पाणी किती खोल आहे, खालीं खड्डा आहे कीं उघडें गटार, हें वरून कळत नाहीं. वाहतें पाणी फूटभर असलें तरी लहान गाडी त्यांत तरंगूं लागते. शिवाय शेजारून बस गेली कीं तिची लाट उसळते, आणि गुडघ्याखालीं असलेलें पाणी क्षणांत इंजिनाच्या तोंडाशीं येतें. पाणी चाकाच्या मध्याशीं पोंचेल असें वाटलें, तर परत फिरणें हेंच शहाणपण.

पाण्यांत इंजिन बंद पडलें, तर किल्ली पुन्हा फिरवूं नये. हा नियम कां आहे, तें समजून घेण्यासारखें आहे. इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या वर येतो आणि हवा दाबतो. हवा दाबली जाते. पाणी जवळजवळ दाबलेंच जात नाहीं. आंत पाणी शिरलें असतां इंजिन फिरविलें, तर दट्ट्या त्या पाण्यावर आदळून अडतो आणि त्याला जोडलेला पोलादी दांडा वांकतो किंवा मोडतो. केवळ ओली झालेली गाडी कारागीर पुष्कळदां थोडक्या खर्चांत सुकवून देतो. दांडा वांकलेल्या गाडीचें इंजिन मात्र सबंध उघडावें लागतें. मोटारीच्या साध्या विम्यांत अशी हानि बहुधा भरून मिळत नाहीं. इंजिनरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. म्हणून गाडी लोटून किंवा ओढून न्यावी. विजेवर चालणारी गाडी बुडाली असल्यास कारागिरानें तपासल्यावांचून ती चार्जिंगला लावूं नये.

हें सर्व झालें गाडीविषयीं. २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईंत, सांताक्रूझ येथें, चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशीं कांहीं माणसें आपल्या बंद मोटारींतच मरण पावलीं. बाहेर धो धो पाऊस, आंत कोरडी बैठक. पाणी उतरेल, गाडी टाकून कसें जावें, असें माणसास वाटतें. तेवढ्यांत पाणी दारापर्यंत चढतें. बाहेरील पाण्याच्या दाबामुळें दार उघडत नाहीं, आणि विजेचा प्रवाह तुटला कीं काचा खालीं सरकत नाहींत. धूर सोडणारी नळी बुडाली असतां काचा लावून इंजिन चालूं ठेवणें तर अधिकच घातक. कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायु आंत शिरूं शकतो.

म्हणून पाणी दाराच्या उंबऱ्याशीं आलें, कीं वीज चालूं आहे तोंवर काचा खालीं घ्याव्या आणि बाहेर पडून उंच जागीं जावें. काच अडकलीच, तर समोरची फोडण्यांत वेळ घालवूं नये; तिच्या दोन थरांमध्यें चिवट पापुद्रा असतो. बहुतेक गाड्यांत बाजूची काच कोपऱ्यांत टणक टोंकाचा घाव बसल्यास फुटते. अशी लहान हातोडी चालकाच्या हाताशीं असावी. डिकींत ठेवलेल्या हातोडीचा त्या वेळीं उपयोग नाहीं. ती नसल्यास, बैठकीवरील उशी निघण्यासारखी असेल तर ती काढून तिच्या लोखंडी दांड्यांचा उपयोग करावा. आणि हें सारें घरांतील प्रत्येकास आधींच दाखवून ठेवावें, कारण त्या प्रसंगीं गाडींत कोण असेल हें कोणास ठाऊक नसतें.

गाडी जपावी ती माणसांसाठीं. जो वर्षभर तिचीं भोंकें साफ ठेवतो, टायर तपासतो, ओरखडे बुजवितो, त्यालाच प्रसंगीं तिच्यावर पाणी सोडणें जड जातें, हें खरें. परंतु गाडी पुन्हा मिळते. घरीं वाट पाहणाऱ्यांस त्या दिवशीं गाडी परत यावी असें वाटत नसतें, गाडींतील माणूस परत यावा असें वाटत असतें.