मठांतील अतिथि व मठांतील पोथ्या

महाराष्ट्रांतील जुन्या हस्तलिखितांचा शोध करणाऱ्या मंडळींस केव्हां ना केव्हां एखाद्या मठांत दोन-चार दिवस मुक्काम करण्याचा प्रसंग येतोच. दफ्तर पाहावयाचें, बाडें चाळावयाचीं, एखाद्या पोथीचा समाप्तिलेख उतरून घ्यावयाचा, तर मठांत राहिल्यावांचून गत्यंतर नसतें. परंतु या मुक्कामाकडे केवळ सोय किंवा गैरसोय एवढ्याच दृष्टीनें पाहण्याची जी रीत पडली आहे, ती आमच्या मतें बरोबर नाहीं. मठानें पाहुणा कसा ठेवावा, पाहुण्यानें कसें राहावें, काय घ्यावें व काय ठेवून जावें, याविषयींची जुनी व्यवस्था नीट समजली म्हणजे सनदांतील शब्दांचा अर्थ उलगडतो, पोथ्या एका गांवाहून दुसऱ्या गांवीं कशा गेल्या हें कळतें, आणि संशोधकाचें स्वतःचें कर्तव्य काय तेंहि स्पष्ट होतें. या तीन गोष्टींचें विवेचन मुख्यतः रामदासी मठांच्या आधारें येथें करण्याचें योजिलें आहे.

(१) अतीत व अभ्यागत

देवस्थानें व मठ यांस दिलेल्या इनामपत्रांत पूजा, नैवेद्य, नंदादीप, उत्सव यांच्या जोडीनें 'अतीत-अभ्यागत' यांच्या अन्नाचा उल्लेख वारंवार आढळतो. हा जोडशब्द 'पाहुणेराहुणे' याप्रमाणें केवळ बोलण्याच्या ओघांतला असावा असें समजून वाचक पुढें जातात. वस्तुतः त्यांत दोन निराळे वर्ग आहेत. 'अतीत' हें 'अतिथि' या शब्दाचें लोकभाषेंतील रूप होय. आणि फिरता गोसावी, बैरागी हाहि अर्थ त्यास मराठींत चिकटला आहे. मनूनें तिसऱ्या अध्यायांत अतिथीची व्युत्पत्तीच अशी दिली आहे कीं, ज्याचें राहणें नित्य नव्हे, जो एकच रात्र राहतो, तो अतिथि. दुसरी एक परंपरागत व्याख्या तिथि या शब्दावर बसविलेली आहे: ज्यानें तिथि, पर्व, उत्सव हें सर्व टाकलें तो अतिथि, व बाकीचे सारे अभ्यागत. म्हणजे विरक्त तो अतीत व संसारी तो अभ्यागत, असा भेद या जोडशब्दाच्या मुळाशीं आहे.

हा भेद कागद वाचतांना उपयोगी पडतो. अन्नछत्रांत शिजलेलें अन्न मिळे. सदावर्तांत कोरडा शिधा मिळे. जो स्वतःच्या हातानें शिजवून खाणारा असेल, तो कोठीवरून तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, तूप व सरपण घेऊन आपली चूल मांडी. इतर मंडळी पंक्तीस बसत. पूर्वीं पंक्तीपंक्तींत जातिभेद पाळला जाई, हेंहि विसरतां कामा नये. मठाच्या जमाखर्चांत शिध्याचें खातें व पंक्तीचें खातें वेगवेगळें दिसलें, तर त्यावरून कोणत्या महिन्यांत कोणत्या प्रकारचे लोक मठांत येत याचा अंदाज बांधतां येतो. उत्सवाच्या दिवसांत अभ्यागतांची गर्दी, तर एरव्हीं अतीतांचा तुरळक राबता, हें अशा हिशेबांवरून ताडून पाहण्यासारखें आहे.

(२) मठांतील दिवस

समर्थ रामदासस्वामींनीं (शके १५३०–१६०३, इ. स. १६०८–१६८२) चाफळ येथें शके १५७० मध्यें राममंदिर उभारलें व अखेरचीं वर्षें सज्जनगडावर घालविलीं. त्यांचे व त्यांच्या शिष्यांचे मठ दक्षिणेंत तंजावरपर्यंत पसरले. सज्जनगडावर आजहि यात्रेकरूंची राहण्याची सोय असून दुपारीं प्रसाद मिळतो. पहाटे काकड आरती, नंतर पूजा, मध्याह्नीं नैवेद्य, सायंकाळीं करुणाष्टकें व सवाया, दासबोधाचें वाचन, आणि रात्रीं शेजारती, असा दिवसाचा क्रम असतो. माघ वद्य नवमीस, म्हणजे दासनवमीस, मोठा उत्सव होतो.

लहान मठांत हाच क्रम आटोपशीर स्वरूपांत चालतो. आम्ही ज्या कांहीं मठांत राहिलों, तेथील अनुभवावरून इतकें सांगतां येईल कीं, आल्याबरोबर दफ्तराची गोष्ट काढणें हें रीतीस सोडून आहे. प्रथम देवाचें व समाधीचें दर्शन, मग मठपतींस नमस्कार, मग पंक्तीस बसणें. सायंकाळच्या उपासनेस हजर राहणें. आणि दुसऱ्या दिवशीं, विचारलें तर, आपला हेतु सांगणें. बहुतेक ठिकाणीं पोथी देवघरांत असते व तिला गंध, अक्षता, फूल रोज वाहिलें जातें. सोवळ्यांत असल्यावांचून तिला कोणी हात लावूं देत नाहीं. संशोधकास हा अडथळा वाटतो. परंतु ती पोथी आज आहे ती या पूजेमुळेंच आहे. माळ्यावर टाकलेलीं बाडें कसर व वाळवी यांच्या भक्ष्यस्थानीं पडलीं. देवघरांतील पोथी पहिल्या पानावर गंधाचे डाग घेऊन कां होईना, शिल्लक राहिली.

दफ्तर दाखविण्यास मठवाले नाखूष असतात, याचें आणखी एक जुनें कारण आहे. शके १७७४ मध्यें (इ. स. १८५२) इंग्रज सरकारनें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशनास कायद्याचें बळ दिलें व इनामदारांस आपल्या सनदा पुढें करणें भाग पडलें. कागद दाखविला तर जमीन जाईल, न दाखविला तरी जाईल, अशा पेंचांत त्या वेळचे लोक सांपडले होते. परक्या मनुष्यानें कागद मागितला कीं मनांत शंका उभी राहावी, यांत नवल तें काय?

(३) पाहुणा आणि लेखक

मठांत आलेला पाहुणा केवळ जेवून जात नसे. पुष्कळ वेळां तो लिहून घेऊन जाई. रामदासी संप्रदायांत लेखनास उपासनेचें स्थान होतें. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळें, सुटें व काळेंभोर असावें; पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच टाकानें लिहिल्यासारखें दिसावें; तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें वाचतां येत नाहीं; पानाच्या भोंवतीं जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जात नाहीं; आणि पुस्तकें बासनांत, मेणकापडांत बांधून कुलुपाच्या पेटींत जपावीं, अशा सूचना त्यांत आहेत. हस्तलिखितें हाताळणाऱ्यांनीं हा समास अवश्य वाचावा. झडलेल्या कडांचीं बाडें ज्यानें पाहिलीं आहेत त्यास त्यांतील समासाच्या जागेचें मोल सांगावयास नको.

यतीनें पावसाळ्यावांचून एका गांवीं दुसरी रात्र राहूं नये, असें गौतमाच्या धर्मसूत्रांत सांगितलें आहे. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत मात्र फिरणें थांबे. म्हणून एखाद्या पोथीच्या समाप्तिलेखांत श्रावण ते आश्विन यांतील तिथि असेल, लेखक परगांवचा असेल व लेखनस्थळ मठ असेल, तर ती प्रत चातुर्मासांतील मुक्कामांत झाली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. हा तर्कच होय, प्रमाण नव्हे; दुसऱ्या कागदाचा दुजोरा मिळेपर्यंत तो तसाच ठेवावा.

यावरून संग्राहकानें एक नियम बांधावा. पोथी कोठें लिहिली गेली, कोठें सांपडली व सांप्रत कोठें आहे, हीं तीन स्थळें निरनिराळीं नोंदवावीं. सांपडल्याचें स्थळ तेंच लेखनस्थळ असें गृहीत धरल्यामुळें पाठभेदांच्या परंपरा जुळवितांना गोंधळ होतो.

(४) पाहुण्याचें ऋण

आतां मुख्य मुद्दा. डोमगांव येथील कल्याणस्वामींच्या मठांत कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत जतन झाली होती; तीवरून धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं इ. स. १९०५ मध्यें दासबोध छापून प्रसिद्ध केला. देवांनीं मठोमठ हिंडून बाडें मिळविलीं व धुळ्यास श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत त्यांचा संग्रह केला. अशा उघड रीतीनें, नांवानिशीं झालेल्या संग्रहामुळेंच रामदासी वाङ्मयाचा अभ्यास शक्य झाला. परंतु याच काळांत दुसऱ्याहि प्रकारचे पाहुणे मठांत येऊन गेले. एका मठाच्या वहींत आम्हीं अशी नोंद पाहिली कीं, तीन बाडें "पाहून परत करण्याच्या बोलीनें" पाहुण्यांस दिलीं. पुढें परत आल्याची तारीख लिहावयाची जागा कोरी आहे. पाहुण्याचें नांवहि त्यांत नाहीं. देणाऱ्यानें तें विचारलें नसावें. पंक्तीस बसलेल्या मनुष्यास नांवगांव विचारणें त्यास प्रशस्त वाटलें नसेल. तीं बाडें आज एखाद्या संग्रहांत असतील, तर त्यांवर मठाचें नांव असण्याचा संभव नाहीं. आणि मठाचें नांव गेलें म्हणजे त्यांची निम्मी साक्ष गेली.

ज्या मठांतून असा एक रुमाल गेला, त्या मठाचें दफ्तर पुढील प्रत्येक अभ्यासकास बंद होतें. एका मनुष्याच्या लोभाची किंमत सर्व शास्त्रास द्यावी लागते. आज तर मूळ पोथी हलविण्याचें कारणच उरलेलें नाहीं. भ्रमणध्वनीनें एका दुपारीं शंभर-दोनशें पानांची छायाचित्रें घेतां येतात, पोथी देवघराच्या उंबऱ्याबाहेर न आणतां घेतां येतात, आणि पानें पुजाऱ्याकडून उलटवून घेतल्यास सोवळ्यासहि बाध येत नाहीं. त्या छायाचित्रांची एक प्रत मठास द्यावी, पोथ्यांची यादी सुवाच्य बाळबोध अक्षरांत करून मठपतींच्या हातीं ठेवावी, व कोरडें नवें फडकें घेऊन रुमाल पुन्हां बांधून द्यावा. जीर्ण पोथी मठांत टिकणार नाहीं अशी खात्रीच असेल, तर मठपतींच्या लेखी संमतीनें, पावती देऊन, ती एखाद्या संस्थेंत मठाच्या नांवानें ठेवावी. स्वतःच्या घरीं नेऊं नये.

शास्त्रानें अतिथीस देवाची जागा दिली, ती त्याच्या हातीं कांहीं नसतें व तो कांहीं नेत नाहीं या विश्वासावर. संशोधक मठांत जातो तेव्हां त्यास अन्न मिळतें तें याच जुन्या विश्वासाच्या खात्यावर, त्याच्या विद्वत्तेच्या नव्हे. तेव्हां त्यानें नकल न्यावी, मूळ ठेवावें, आणि आपलें नांव, गांव व तारीख मठाच्या वहींत स्वतःच्या हातानें लिहून निघावें.