उभ्या गाडीचा पावसाळा

पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतल्या एका शेडमधला श्रावणातला गुरुवार

कॅनडात किंवा जर्मनीत राहणारी मराठी कुटुंबं ऑक्टोबर संपता संपता आपली मोटरहोम बंद करतात. पाणी गोठलं की फुगतं, जवळपास नऊ टक्के जास्त जागा मागतं आणि नळ्या फोडतं. म्हणून तिकडे टाक्या रिकाम्या करून नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरतात. आपल्याकडे थंडी हाच फिरायचा मोसम. ताडोबाचा गाभा १ ऑक्टोबरला उघडतो, दिवाळीनंतर कोकणचे रस्ते भरतात. आपल्या गाड्या जागेवर बसतात त्या पावसाळ्यात, आणि इथला वैरी म्हणजे ओल. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून घर बांधलेली गाडी घेण्याचा विचार करणारी माणसं आमच्या शेडवर येऊन चौकशी करतात. किती माणसं झोपतील, एसी कुठला, हे सगळे विचारतात. चार महिने ती ठेवायची कुठे आणि कशी, हे फार थोडे विचारतात. आमचा दिवस त्याच कामात जातो.

सकाळी साडेसहा

रात्रभर पाऊस पडला की मी आधी जमीन बघते. प्रत्येक गाडीखाली पुठ्ठे पसरलेले असतात. पुठ्ठ्यावर डाग दिसला की तो तेलाचा, कूलंटचा की पाण्याचा, ते बोटाने आणि वासाने कळतं. पाण्याचा असेल तर दुपारी छतावर चढायचं ठरलं.

शेड इंद्रायणीपासून लांब, उंचावर घेतली ती जाणूनबुजून. मे २०२५ मध्ये चिखलीत नदीच्या निळ्या पूररेषेच्या आतले ३६ बंगले महापालिकेने पाडले, तेव्हा ही पूररेषा साऱ्या गावाला पाठ झाली. मोठी गाडी ठेवायला नदीकाठची मोकळी जमीन स्वस्त मिळते, पण पुराचं पाणी चाकाच्या वर चढलं की इंजिन, वायरिंग आणि आतलं फर्निचर एकदमच जातं. कधी अशा पाण्यात गाडी सापडलीच, तर चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्या एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढायची आणि गाडी उचलून न्यायची.

साडेसात

आता एकेक दार उघडून आत शिरण्याआधी वास घेते. कुबट वास बुरशीच्या डागाच्या बऱ्याच आधी येतो. आत टांगलेल्या आर्द्रतामापकावर आकडा सत्तरच्या वर गेला असेल, तर त्या गाडीला आज जास्त वेळ द्यायचा.

हाताखालचा पोरगा नवा होता तेव्हा सकाळीच सगळ्या खिडक्या उघडायला धावायचा. पावसाळ्यातली सकाळची हवा पाण्याने भरलेली असते. अशा वेळी खिडकी उघडली की बाहेरची ओल आत येऊन गाद्यांत बसते. आता तोच मला विचारतो, "ताई, बाहेरचा आकडा किती?" बाहेरची हवा आतल्याहून कोरडी असेल तेव्हाच खिडकी उघडायची, आणि श्रावणात ती वेळ बहुतेक दुपारची, ऊन पडलं तर.

तोवर कॅल्शियम क्लोराईडचे डबे बघायचे. हे खडे हवेतलं पाणी ओढून घेतात आणि खालच्या भांड्यात ते साठतं. ते भांडं कलंडू न देता बाहेर नेऊन ओतायचं, कारण ते खारं पाणी लोखंडावर सांडलं तर गंज चढवतं. फोमच्या गाद्या आडव्या ठेवत नाही; कडेवर उभ्या करतो, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते. फ्रिजचं दार लाकडाची चिपटी लावून किलकिलं ठेवतो. कपाटं सगळी उघडी.

साडेआठ

उंदरांचं काम. पिंजरे तपासायचे, पिठाचा किंवा फरसाणाचा कण कुठे राहिलाय का ते टॉर्च मारून बघायचं. विष आम्ही वापरत नाही. विष खाल्लेला उंदीर पॅनेलच्या मागे जाऊन मरतो आणि मग अख्खं फर्निचर खोलावं लागतं. पाइप आणि केबल जिथून आत जातात त्या भोकांना बारीक स्टीलची जाळी, हा खरा उपाय. बॉनेटखाली तंबाखूची पानं टांगायची मेकॅनिक मंडळींची जुनी पद्धत आहे, तीही आम्ही पाळतो, पण भरवसा जाळीवर.

साडेनऊ

आज गुरुवार, म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. एरवी कंपनीत अडकलेले कसबी हात आज मोकळे असतात. वायरमन मामा येतात, कधी एखादा वेल्डर. महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात, त्यामुळे वीज जाण्याआधी बॅटऱ्या उरकायच्या.

मामा मीटर लावून आकडे सांगतात, मी लिहून घेते. पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी विसावल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. बाराच्या खाली ती काही आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग कितीही चार्ज करा, ताकद परत येत नाही. लिथियम फॉस्फेटची बॅटरी निराळी. ती निम्म्याच्या आसपास भरून, वायर सोडवून ठेवलेली बरी.

"ताई, स्विच सगळे बंद आहेत, तरी कुणीतरी करंट पितंय," मामा म्हणतात. मीटरवर ५० मिलिअँपिअर. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करा: दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी तीन महिन्यांच्या आत संपली, म्हणजे पावसाळा सरायच्या आधीच. पिणारा बहुतेक जीपीएस ट्रॅकर किंवा गॅसची सूचना देणारा अलार्म असतो. गॅस सिलिंडर गाडीबाहेर काढलेला असेल तर त्या अलार्मला आत जागं ठेवायची गरज नाही.

अकरा

ठाण्याचे एक काका-काकू लडाखहून परतलेली गाडी ठेवायला आणतात. ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेलं दोघांचं घर. गाडी आत घेण्याआधी बाहेरच्या ओट्यावर थांबते आणि तिथे क्रम ठरलेला असतो.

आधी गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यात, उभा. नळीवरची तारीखही बघायची. पाच वर्षं झाली की नळी बदलायची. मग पाणी. स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, गिझर, पंपाची गाळणी, शॉवरची नळी, सगळं रिकामं. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि आमच्या शेडमुळे वस्तीत डेंगी गेलेला मला चालणार नाही. टॉयलेटची कॅसेट धुवून वाळवायची आणि तिच्या रबरी सीलला सिलिकॉनचं तेल लावायचं. मग जॅकवर चढवून खालून पाणी मारायचं. चासीच्या खाचांत बसलेला चिखल आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि तिथूनच पत्रा सडायला लागतो. कोकणातून आलेल्या गाडीला तर मिठासाठी हे दोनदा करतो.

काका हे सगळं उभे राहून बघतात. "ताई, गाडी तर बंदच राहणार. मग महिन्याचे पैसे कशाचे घेता?"

"जागेचे थोडे, काका. बाकीचे बघण्याचे. पळत्या गाडीत काही बिघडलं तर ती आवाज करते, दिवा लावते. उभी गाडी काही सांगत नाही. तिच्याकडे कुणीतरी जावं लागतं."

काकू आतून हाक मारतात, "अगं, मसाल्याचा डबा मी काढून नेते हं." तो डबा राहिला असता तर पुढच्या आठवड्यात उंदीर आला असता.

एक

ऊन पडलं. बाहेरचा आकडा खाली आलाय. सगळ्या गाड्यांच्या खिडक्या, छतावरची झडपं उघडली, पंखे लावले. जेवणाची वेळ या उन्हाप्रमाणे पुढेमागे होते. प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर गुंडाळून ठेवणाऱ्यांना मी नेहमी सांगते, त्याखाली रात्रीचं दव आणि दिवसाची वाफ कोंडते, वाऱ्याने ती घासून रंगही जातो. पत्र्याचं उंच छप्पर आणि चारी बाजूंनी वारा हे उत्तम. आच्छादन घालायचंच असेल तर ज्यातून हवा जाते असं कापडी.

दोन

सकाळी ज्या गाडीखाली पाणी दिसलं तिच्या छतावर. मोटरहोमच्या छताला भोकं फार असतात: एसीचं, झडपेचं, सोलर पॅनेलच्या पायांची, केबलची, बाजूच्या छत्रीच्या कंसांची. एप्रिलच्या उन्हात पत्रा तापून प्रसरतो, पहिल्या पावसात आखडतो, आणि त्या ओढाताणीत सीलंटला केसाएवढी चीर पडते. पाणी चिरेतून जिथे शिरतं तिथे दिसत नाही. आतल्या फ्रेमवरून वाहत जाऊन दुसऱ्याच कोपऱ्यात उतरतं.

आतून बोटाच्या पेरांनी पॅनेल ठोकत जायचं. कोरड्या प्लायचा आवाज खणखणीत येतो, भिजलेल्याचा बद्द. आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय असला तरी स्क्रूच्या भोकातून पाणी पिऊ शकतो, म्हणून गाडी बांधतानाच प्रत्येक भोकात सीलंट भरायला हवं. जुन्या सिलिकॉनवर नवा थर चिकटत नाही. आधीचा पूर्ण खरवडायचा, स्पिरिटने पुसायचं, पृष्ठभाग कोरडा झाल्यावर पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. घाईत वरून लेप मारला तर पुढच्या पावसात तेच काम.

आतलं काही बदलावं लागलं तर ते आता आणखी खर्चाचं झालंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्याच कुदळवाडीतली हजारो शेड पाडली गेली. तिथल्या भंगार बाजारात जुनी खिडकी, सीटची फ्रेम, बिजागर सहज मिळायचं. आता त्याच वस्तूसाठी चार ठिकाणी फिरावं लागतं. जे आहे ते टिकवणं हाच स्वस्त मार्ग उरलाय.

साडेतीन

फेरीची वेळ. पाळीतली गाडी बाहेर निघते. बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीचा हँडब्रेक आम्ही ओढत नाही. ओलीत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअर टाकून चाकांना लाकडी ठोकळे लावतो. आज ते ठोकळे निघतात.

पुष्कळ मालक रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात आणि निश्चिंत होतात. त्याने भलं कमी, बुरं जास्त होतं. थंड इंजिनात जळण्यातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहतं, स्टार्टरने खाल्लेली बॅटरी भरून येत नाही, आणि बीएस-६ डिझेल गाडीच्या फिल्टरमध्ये काजळी साठते. गाडी पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास, रस्त्यावर चालायला हवी. आम्ही तळवड्यापासून मोशीकडे देहू-आळंदी रस्त्याने जातो. आषाढी वारीच्या दिवसांत ही फेरी पहाटे उरकतो. टाळगाव चिखली म्हणवणाऱ्या या गावात तेव्हा रस्त्यावर पहिला हक्क वारकऱ्यांचा. तुकोबांच्या टाळकऱ्यांतले मल्हारपंत कुलकर्णी इथलेच.

वाटेत एसी चालवायचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळतं. पंपावर टाकी काठोकाठ भरायची. अर्ध्या टाकीत वरच्या हवेतली वाफ आत पाणी होऊन बसते आणि डिझेलमध्ये घाण वाढते. ज्या गाडीला डीईएफ (धूर शुद्ध करणारं युरियाचं द्रावण) लागतं तिथे कॅनवरची तारीख बघते. तीस अंशांच्या आसपास ते साधारण वर्षभरच टिकतं.

परत आल्यावर गाडी जुन्या जागी ठेवताना चाक पाव फेरा पुढे थांबवायचं, म्हणजे टायरचा तोच भाग दबून राहत नाही. खाली फळी, हवा थोडी जास्त. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचायचे: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर बारीक चिरा शोधायच्याच.

साडेसहा

खिडक्या बंद, कारण संध्याकाळी हवा पुन्हा जड होते. मग वही. प्रत्येक गाडीचं पान: व्होल्ट, आतली आर्द्रता, टायरची हवा, फेरीचे किलोमीटर, आज काय दिसलं. शेवटच्या रकान्यात कागद: विमा आणि पीयूसी कधी संपतंय. गाडी हलत नाही म्हणून विमा सोडायचा नाही. पूर, आग आणि चोरी उभ्या गाडीलाही गाठतात.

आज ठाण्याच्या गाडीचं नवं पान उघडलं. तिची टाकी उद्या धुवायची, कारण उद्या नळाला पाण्याचा दिवस. शहरात २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. पाच टक्क्यांचं हायपोक्लोराईट, दर लिटरला एक मिलिलिटर, काही तास ठेवून खळखळून काढायचं आणि टाकी उघडी वाळवायची. सिलिंडरची नळी जुनी आहे, ती बदलायला काकांना फोन करायचाय.

गाडी स्वतःच्या दारात ठेवणाऱ्यांनाही मी हेच सांगते. वर छप्पर हवं, खाली कोरडी जमीन हवी, आणि दर आठवड्याला दार उघडून आत जाणारं माणूस हवं. पहिल्या दोन गोष्टी पैशाने होतात. तिसरी ठरली नसेल, तर गाडी घेण्याआधी ती ठरवा.